साळ्याच्या हातातला धोटा

फार फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची ते विचारू नये. ज्याला तिथी-वार हवा असेल त्यानं पंचांग उघडावं. गोष्ट ऐकायची असेल त्यानं गप बसावं.

एका नदीच्या दोन काठांना दोन गावं होती. एक अलीकडचं, एक पलीकडचं. दोन्ही गावांना मिळून आठवड्याचा बाजार एकच, आणि तो कुठल्या काठावर भरायचा यावरून दरवर्षी लाठ्या निघायच्या. एका वर्षी इतकी डोकी फुटली, की दोन्हीकडचे म्हातारे मिळून राजाकडं गेले.

राजानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डोकी फोडता कशाला? वापरा की!"

त्यानं नेम घालून दिला. नदीच्या मधोमध एक सपाट काळा खडक होता. पाणी ओसरलं की तो उघडा पडायचा. त्यावर राजानं बुद्धिबळाचा पट कोरून घेतला. दर चैत्रात दोन्ही गावांनी आपापला एक गडी तिथं बसवायचा. डाव एकच, पण तीन दिवसांचा. सूर्य उगवला की बसायचं, डोंगराआड गेला की उठायचं. सोंगट्या जिथल्या तिथं पाटीखाली झाकून ठेवायच्या. जिंकेल त्याच्या काठावर वर्षभर बाजार. तिसऱ्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत कुणीच जिंकलं नाही, तर बाजार होता तिथंच राहील. सोंगटीला हात लागला की तीच खेळायची, सबब चालणार नाही. आणि शेवटचं कलम असं, की सलग चार वर्षं बाजार ज्या काठावर भरेल, तो काठ कायमचा बाजाराचा. पुढं डाव नाही आणि तक्रारही नाही.

आता ही गोष्ट सुरू होते तेव्हा बाजार तीन वर्षं पलीकडं भरत होता. म्हणजे अलीकडच्या गावाचं काय व्हायची वेळ आली होती, ते तुम्ही समजून घ्या.

अलीकडचा गडी होता एक साळी. कापड विणायचा. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचा आणि दिवसभर धोटा मारायचा. धोटा म्हणजे छोट्या होडीसारखं लाकूड. त्याच्या पोटात सुताची कांडी. उजव्या हातानं फेकला की डाव्यानं झेलायचा, डाव्यानं फेकला की उजव्यानं झेलायचा. धोटा पोचायच्या आधी हात तिथं हजर पाहिजे. हात उशिरा आला की धोटा खाली, सूत तुटलं, आणि पदरात शिव्या. साळ्याचा हात कधी उशिरा यायचा नाही. बायकोशी बोलत, गाणं म्हणत, आढ्याकडं बघत तो विणायचा, आणि कापड आरशासारखं उतरायचं.

बुद्धिबळही बरा खेळायचा. पारावर बसून दहा डाव खेळा, नऊ तो जिंकायचा. पण ते पारावरचे डाव, चिलीम विझायच्या आत संपणारे. खडकावरचा डाव तीन दिवसांचा. तिथं साळी दोन दिवस वाघासारखा खेळायचा आणि तिसऱ्या दिवशी एका क्षणात गाढव व्हायचा.

पहिल्या वर्षी त्यानं हत्ती फुकट घालवला. दुसऱ्या वर्षी घोडा नेऊन सरळ उंटाच्या तोंडात दिला. तिसऱ्या वर्षी तर कहर झाला. समोरच्याचा राजा कोपऱ्यात अडकलेला, साळ्याच्या दोन सोंगट्या जास्त, काठावर ढोल बाहेर काढलेला. समोरच्यानं एक प्यादं एक घर सरकवलं. साळ्यानं खाडकन वजीर पुढं टाकला. त्या प्याद्यानं वजीर खाल्ला. ढोलवाला ढोल पाठीला लावून घरी गेला.

समोर पलीकडच्या गावचा वैद्य असायचा. म्हातारा, दातांनी पडका, काड्यांसारखे हात. तो काही मोठा खेळाडू नव्हता. एक सोंगटी सरकवायचा आणि तपकीर ओढत बसायचा. तिसऱ्या वर्षी जिंकल्यावर उठताना तो हसून म्हणाला, "साळीबुवा, तुमचा हात बघितला की मला आमची म्हैस आठवते. दावं सोडायच्या आधीच चालू लागते."

खडकावरचे सगळे फिदीफिदी हसले. साळ्याला टोमणा तेवढा ऐकू आला. त्यातली गोष्ट ऐकू आली नाही. टोमण्याचं असंच असतं; टरफल कानाला बोचतं आणि दाणा खाली पडतो.

मग वर्षभर गावाचे हाल. कुंभाराची मडकी होडीत निम्मी फुटायची. शेळ्या होडीत चढायच्या नाहीत, आणि चढल्या तर मधोमध पाण्यात उड्या मारायच्या. साळ्याच्या शेजारी एक म्हातारी माळीण राहायची. वांगी पिकवायची, बाजारात विकायची, एकटी जगायची. तिचे गुडघे गेलेले. दोन वर्षं ती नावाड्याच्या खांद्याला धरून कशीबशी होडीत चढली. तिसऱ्या वर्षी जमेना. वांगी लोंबून झाडावरच पिवळी पडायची.

साळी तिच्या दारावरून जायचं टाळायचा. मागच्या गल्लीनं जायचा. तरी रोज सकाळी त्याच्या उंबऱ्यावर चार वांगी ठेवलेली असायची. एकदा तिनं त्याला गाठलंच.

"काय रे, मला बघून पळतोस होय?"

"नाही मावशी. घाई होती."

"घाईच तुझ्या मुळावर आलीय म्हणतात गावात." म्हातारी काठीवर रेलली. "मला त्यातलं कळत नाही. पण यंदा आणशील का रे बाबा बाजार? या मेल्या पायांना पाणी ओलांडता येत नाही. आणि आता यंदा गेला की गेला म्हणतात."

साळी मान खाली घालून मागाकडं वळला.

पारावर गाव जमलं. पाटलानं विचारलं, "दुसरा कोण आहे खेळणारा?" सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. साळ्याहून बरा खेळणारा कुणी नव्हता. तसा माणूस असता तर तीन वर्षं लाज गेली असती कशाला!

"मग यंदाही हाच," पाटील म्हणाला. "पण साळ्या, यंदा हरलास तर त्या सोंगट्या नदीत टाकून ये. गावात आणू नकोस. आणि पुढं कुणाच्या दारात मडकं फुटलं, कुणाचं वांगं कुजलं, की तुझं नाव निघेल. तुझ्या नातवापर्यंत निघेल."

साळी त्या दिवसापासून पेटला. माग अर्धा वेळ बंद ठेवला. देशोदेश फिरलेला एक बैरागी गावाच्या देवळात उतरला होता, त्याच्या पाया पडून चाली शिकला. घोड्याचे डाव शिकला, दोन उंटांचे शिकला, राजाला कोपऱ्यात कसं कोंडायचं ते शिकला. सगळं तोंडपाठ. मग कुंभाराला समोर बसवून खडकावरच्यासारखा लांब डाव मांडला. सकाळी बसले ते उन्हं उतरेपर्यंत.

कुंभाराचा खेळ म्हणजे नुसता आनंद. त्याला उंट आणि घोडा यांतला फरक दुपारनंतर आठवायचा नाही. आणि त्या कुंभारानं उन्हं उतरायच्या सुमाराला साळ्याचा वजीर खाल्ला.

कुंभार स्वतःच घाबरला. "दादा, हे असं चालतं ना? बरोबर खाल्ला ना मी?"

"बरोबर खाल्लास," साळी म्हणाला आणि पट उलटा केला.

दुसऱ्या दिवशी तेच. आठवड्यात चार वेळा तेच. बैराग्याकडून आणलेली अक्कल सगळी डोक्यात होती. चूक होती तिथंच होती. घरात धान्य भरलं म्हणून भिंतीतलं बीळ बुजत नाही, बाबांनो. उंदीर उलट खूष होतो.

साळ्याची बायको माजघरात बसून कांड्या भरायची. चरखा फिरवायचा, सूत कांडीवर गुंडाळायचं, कांडी धोट्यात बसते का बघायचं. तिनं जन्मात सोंगटीला हात लावला नव्हता. पण खडकावर तिन्ही वर्षं भाकरी घेऊन ती जात होती, आणि आता घरात आठवडाभर डाव बघत होती. त्या दिवशी कुंभार गेला आणि साळी डोक्याला हात लावून बसला, तेव्हा ती चरखा थांबवून म्हणाली, "मी एक बोलू का?"

"तुला काय कळतं त्यातलं?"

"तुमचा खेळ नाही कळत. हात कळतात. वीस वर्षं तुमच्या हातांना कांड्या पुरवतेय मी." ती उठून पटाच्या पलीकडं येऊन बसली. "मांडा त्या बाहुल्या."

"सोंगट्या म्हणतात."

"मांडा त्या सोंगट्या. आणि मी खेळते."

साळ्याला हसू आलं. पण मांडल्या. तिनं एक प्यादं चिमटीत धरलं, उचललं, आणि हवेत तसंच धरून ठेवलं. साळ्याचा हात घोड्यावर गेलासुद्धा.

"बघा," ती म्हणाली. "मी अजून ठेवलेलं नाही."

साळ्यानं हात मागं घेतला. "अगं, तू तेच प्यादं पुढं ठेवणार. दुसरं करणार काय?"

तिनं प्यादं होतं तिथंच टेकवलं आणि भलतीच सोंगटी उचलली. हत्ती उचलून उंटासारखा तिरका नेऊन ठेवला. "हे करणार."

"असं चालत नाही!"

"नसेल चालत. पण तुमचा हात मी ठेवायच्या आधी उठला की नाही?"

साळी कुरकुरला. "उठणारच. मी माझी चाल आधीच ठरवलेली असते. तो वैद्य तासभर तपकीर ओढतो. तेवढ्यात मी सगळं बघून ठेवतो. मग थांबायचं कशाला?"

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. "त्यानं ठेवायच्या आधी तुम्ही ठरवता. मग त्यानं कुठं ठेवलं ते बघतं कोण?"

साळ्यानं तिरका गेलेला हत्ती उचलून परत जागेवर ठेवला.

"अहो, तुम्ही खेळत नाही. धोटा झेलताय," बायको म्हणाली. "मागावर धोटा कुठून येणार ते ठाऊक असतं. जिथून फेकला तिथून सरळ येतो, म्हणून हात आधी गेला तरी चालतं. आधीच जायला लागतो. पण तो वैद्य म्हणजे धोटा आहे का? त्याला डोकं आहे. तो वाट बदलतो. सकाळी तुम्ही ताजे असता, तेव्हा डोळे हाताला आवरतात. तिसऱ्या दिवशी डोळे दमतात. हात दमत नाही. वीस वर्षांची सवय आहे त्याला, तो आपला झेलायला जातो."

साळ्यानं आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. जणू घरात वाढवलेल्या चोराकडं बघावं तसं. मग त्याला वैद्याची म्हैस आठवली, आणि वर्षभरानं त्या टोमण्यातला दाणा सापडला.

"मग काय हात तोडून टाकू?" तो म्हणाला.

"तोडता कशाला? मग विणील कोण?" तिनं कोनाड्यातला जुना धोटा काढला आणि त्याच्या हातात दिला. "हा धरून बसा. हातात धोटा असला की हाताला वाटेल आपण झेललं, आता स्वस्थ बसावं. त्याची सोंगटी खाली बसली, त्याचा हात मांडीवर गेला, की मग तुम्ही धोटा खाली ठेवायचा. सावकाश. आणि ठेवता ठेवता एकच बघायचं, त्यानं काय हलवलं आणि का हलवलं. मग उचला तुमची बाहुली."

"सोंगटी."

"तीच ती."

ऐकायला सोपं वाटलं ना? करून बघा. पहिल्या दिवशी साळ्यानं धोट्यासकट हात मारला आणि चार सोंगट्या आडव्या पाडल्या. दुसऱ्या दिवशी उजव्या हातात धोटा घट्ट धरून त्यानं डाव्या हातानं वजीर पुढं टाकला. कुंभारानं तो खाल्ला. साळ्याचे दोन्ही हात झेलायला शिकलेले होते ना! बायकोनं डावा हात मांडीखाली घालून बसायला लावलं. कुंभार हसून हसून लोळला.

"दादा, उद्या पाय बांधायचे का?"

"खेळ गुमान," साळी म्हणाला.

एक महिना असा गेला. हात रोज उठायचा, रोज त्यात धोटा असायचा. मग हळूहळू असं झालं, की हात उठायच्या बेतात आला की धोट्याचं वजन जाणवायचं आणि साळी भानावर यायचा. कुंभार पुन्हा हरायला लागला. त्याला वाईट वाटलं, पण मडक्यांसाठी त्यानं ते सोसलं.

चैत्र आला. खडक उघडा पडला. वर मांडव घातला, दोन्ही गावं काठांवर जमली. खडकावर दोघे खेळणारे, दोन्हीकडची चार जाणती माणसं आणि मध्ये राजाचा माणूस. साळी धोटा घेऊन बसला तशी पलीकडची मंडळी उठली.

"हे काय? कसला जादूटोणा आहे हा?"

राजाच्या माणसानं धोटा हातात घेतला, उलटासुलटा केला, आत फुंकून बघितलं, परत दिला. "लाकूड आहे. वैद्यांच्या हातात तपकिरीची डबी चालते, तर साळ्याच्या हातात धोटा चालेल. बसा खाली."

वैद्यानं डोळे बारीक केले. "काय साळीबुवा, यंदा म्हैस बांधून आणलीत की काय?"

"बांधून आणलीय," साळी म्हणाला. "धार काढायची असेल तर जवळ या."

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. काठावरची माणसं कंटाळली. यंदा साळी वाघासारखा खेळत नव्हता. वैद्यानं सोंगटी ठेवली की धोटा खाली, मग नजर, मग चाल. पुन्हा धोटा हातात. जाणत्यांपैकी एकजण जांभई देत म्हणाला, "त्यापेक्षा याचं विणकाम बघायला मजा येते."

पण दोन दिवसांत साळ्यानं एकही सोंगटी फुकट घालवली नव्हती. उलट वैद्याचा एक हत्ती गेला होता.

तिसरा दिवस उजाडला. ऊन असं, की खडक तापलेल्या तव्यासारखा. दुपार कलली. साळ्याचे डोळे चुरचुरत होते, पाठ मोडली होती. आणि त्याला मात दिसली. वजीर दोन घरं पुढं टाकला, की वैद्याचा राजा संपला! वैद्य विचार करत होता, तपकिरीवर तपकीर ओढत होता. साळी मनात तीच चाल दहादा खेळला. डोंगर आणि सूर्य यांच्यात चार बोटांचं अंतर उरलेलं. काठावरच्या ढोलवाल्याला चाहूल लागली; त्यानं टिपऱ्या हातात घेतल्या.

वैद्यानं राजा उचलला आणि एक घर बाजूला ठेवला.

"पळाला! राजा पळाला!" काठावरून गलका उठला. "टाक वजीर! टाक!"

साळ्याचा हात उठला. उठलाच. वजिरापाशी गेला आणि तिथं धोटा टणकन पटावर आपटला.

साळी दचकला. धोट्यानं वजिराला स्पर्श केला नव्हता; बोटभर राहिला होता. त्यानं घाम पुसला. धोटा खाली ठेवायला वाकला, आणि वाकता वाकता बघितलं. राजा सरकला होता खरा. पण राजाच्या मागं वैद्याचा उंट उभा होता. राजा मध्ये होता तोवर उंटाची वाट अडलेली. आता मोकळी. आणि त्या तिरक्या वाटेच्या टोकाला साळ्याचा हत्ती उभा होता, एकटा, कुणाचा आधार नाही. शिवाय राजाच जागेवर नाही म्हटल्यावर ती मातही राहिली नव्हती. वजीर टाकला असता तर हत्ती फुकट गेला असता, डाव बरोबरीत आला असता, आणि सूर्य बुडाला असता.

साळ्यानं हत्ती उचलला आणि एक घर मागं घेतला.

"मागं?" काठावरून कुणीतरी ओरडलं. "अरे, सूर्य बघ! मागं काय घेतोस!" ढोलवाल्यानं टिपऱ्या वाळूत फेकल्या.

वैद्य मात्र पटाकडं बघत राहिला. मग त्यानं साळ्याकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "शाबास."

आता सूर्य तीन बोटं. दोन बोटं. वैद्याला काहीच करायचं नव्हतं. नुसतं टिकायचं होतं. साळ्याला जिंकायचं होतं आणि घाई करायची नव्हती. ही दोन्ही कामं एकदम करणं किती अवघड, ते ज्यानं उतू जाणाऱ्या दुधाखालचा विस्तव हातानं ओढलाय त्याला विचारावं. दर चालीला गाव ओरडायचं, आणि दर चालीला साळी धोटा खाली ठेवायचा, बघायचा, मग खेळायचा. भाकरी घेऊन आलेली बायको मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. भाकरीचं फडकं तिनं मुठीत पिळून पिळून दोरी केली होती.

वैद्याचा राजा कोपऱ्याजवळ आला. साळ्यानं धोटा खाली ठेवला. वजिराचा शह देता येत होता. वैद्यालाही तो दिसत होता. चार वर्षं तो या साळ्याला बघत होता. शह दिसला की साळी देणारच, हे त्याला स्वतःच्या नावाइतकं पाठ होतं. पण साळ्यानं शह दिला नाही. त्यानं एक प्यादं एक घर पुढं सरकवलं.

आणि त्याचा हात प्याद्यावरून उठायच्या आधीच वैद्याचा हात राजावर होता.

राजाचा माणूस पुढं वाकला.

वैद्यानं खाली बघितलं. शह नव्हताच. राजा हलवायचं कारण नव्हतं. एखादं प्यादं सरकवून तो सुखात बसला असता. पण हात राजाला लागला होता. आणि राजाला जायला घर एकच, कोपऱ्यातलं.

"लागला हात," राजाचा माणूस म्हणाला.

"दिसतोय मला," वैद्य म्हणाला आणि राजा कोपऱ्यात ठेवला.

आता सूर्याची कड डोंगराला टेकली. प्यादं आणखी एक घर पुढं, की मात. अलीकडचा सगळा काठ गुडघाभर पाण्यात उतरून ओरडत होता. "खेळ! खेळ रे! बुडाला सूर्य!" माळीण काठी उंचावून उभी होती. पाटील पागोटं काढून हलवत होता.

साळ्यानं धोट्याकडं हात नेला. तो खालीच पडलेला होता. त्यानं तो उचलून हातात घेतला. वैद्याचा हात मांडीवर जाईपर्यंत थांबला. मग धोटा सावकाश खाली ठेवला. उंट कुठं आहे बघितलं. वैद्याची प्यादी बघितली. आपला राजा बघितला. मग प्यादं उचललं आणि पुढच्या घरात ठेवलं.

"मात."

सूर्य अजून नखभर वर होता.

काठावर काय झालं ते सांगत नाही. ढोलवाल्याला टिपऱ्या वाळूत सापडेनात, तो हातांनीच बडवत होता, एवढं पुरे.

वैद्य गुडघ्यावर हात देऊन उठला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. "साळीबुवा, तुमची म्हैस बांधलेली बघून माझी सुटली हो!" मग तो थांबला. "चार वर्षं मी कधी जिंकायला खेळलोच नाही. तुम्ही हराल याची वाट बघत बसायचो. आज वाट बघता बघता मीच झेलायला गेलो. ही बांधायची दोरी दिली कुणी?"

साळ्यानं खांबाशी बसलेल्या बायकोकडं बोट केलं.

"बाईंना काय येतं बुद्धिबळ?"

"काही येत नाही," साळी म्हणाला. "ती आजही त्यांना बाहुल्याच म्हणते."

पुढच्या आठवड्यात बाजार अलीकडं भरला. कुंभाराची सगळी मडकी धड पोचली. शेळ्या आपल्या पायांनी आल्या. वडाखाली पहिली जागा माळणीला दिली. तिथं ती वांग्यांचा ढीग लावून बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, की हा बाजार माझ्या शेजाऱ्यानं आणलाय, वांगं दाबून बघू नका.

आणि पुढच्या चैत्रात काय झालं? साळी धोटा घेऊन खडकावर बसला. समोर वैद्य आला. त्याच्या हातात तपकिरीची डबी नव्हती. खलातला लोखंडी बत्ता होता. एक सोंगटी ठेवायची, बत्ता उचलायचा. बत्ता खाली ठेवायचा, मग सोंगटी उचलायची. तीन दिवस खडकावर नुसता ठक ठक आवाज येत होता. दोघांपैकी एकानंही एक सोंगटी फुकट घालवली नाही, आणि तिसऱ्या दिवशी सूर्य बुडाला तेव्हा डाव तसाच उभा होता. बाजार होता तिथं राहिला, आणि दोघे एकाच होडीतून भाकरी खायला साळ्याच्या घरी गेले.

म्हणून लहानांनी आणि थोरांनीही एवढं ध्यानात ठेवावं: समोरच्यानं काय केलं ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय आपला हात उचलू नये, आणि जिंकत असताना तर मुळीच नाही.